गिरजाबाईचा दगड

चिखलीच्या स्टँडवर धाडची गाडी लागली होती. खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "बाई, तुमची गिरजाबाई गेली हो! झाला की पंधरवडा." गाडी हलली आणि मी पिशवी धरून तशीच उभी राहिले. मला कळवायचं कोणालाच सुचलं नाही... सुचणार तरी कसं? मी तिच्या नात्यातली थोडीच! धाडच्या शाळेत होते तोवर तिच्या घरात भाड्याने राहिलेली मास्तरीण, एवढंच.

तिचा नवरा फौजेत होता. पासष्टच्या लढाईत गेला. पोटी लेकरू नाही, त्याचं शेवटचं तोंड पाहणंही नशिबात नाही. गावाने ठरवलं, बाजारात त्याच्या नावाचा खांब उभा करायचा. सरकारचा नियम असा, की अर्धा खर्च आधी गावाने करायचा, मग उरलेला अर्धा सरकार देणार. गावाने कसूर केली नाही. रोकड नव्हती त्यांनी ज्वारी दिली, कापूस दिला. ते विकून चुन्यात पक्का ओटा बांधला. खांब सरकारच्या अर्ध्यातून यायचा होता. तो काही येईना. साहेब बदलत, उत्तर तेच: मंजूर आहे, पैसा आला की बघू. मी संतापून अर्जावर अर्ज लिहायची. गिरजाबाई ओट्याशेजारी मेथी-वांग्यांची पाटी मांडून बसायची आणि ओट्यावर कोणी टेकलं की वसकन अंगावर जायची, "ऊठ बे! तुह्या बापाची जागा हाय का?"

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. मळ्यातली विहीर आटली आणि गिरजाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. एकदा सुट्टीच्या दिवशी मी तिची भाकर घेऊन गेले, तर कामावर साहेब आलेले. तिने भाकर हातात घेतली, पदर सारखा केला आणि विचारलंच, "साहेब, आमच्या खांबाचं काय झालं?"

माणूस चांगला होता, खोटं कशाला बोलू? हळूच म्हणाला, "बाई, तो पैसा आता नाही यायचा. दुष्काळी कामांकडे वळवलाय. तुमची मजुरी त्यातूनच निघते."

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गिरजाबाई खडीच्या ढिगावर बसली. हातातल्या भाकरीकडे बघत राहिली. "म्हंजे बाई... त्याचा खांब मीच खाऊन राह्यली?"

"अगं, तो असता तर त्यानेच पोसलं नसतं का तुला?" मी म्हटलं खरं. पण ती भाकर बाजूला ठेवून पुन्हा खडी फोडायला लागली.

त्या संध्याकाळी खडीच्या ढिगातला एक काळा दगड तिने पदरात बांधून आणला. पुढे बाजाराच्या दिवशी आधी तो ओट्यावर मांडायची, मग पाटी उतरवायची. संध्याकाळी दगड परत घरी. एकदा मी चिडले, "कशाला ही ने-आण? राहू दे की तिथंच. दगड कोण चोरतंय?"

"चोरत नाही कोनी. पन बाजार उठल्यावर तिथं कुत्रंबी राह्यत नाही, बाई. त्याले एकट्याले काऊन ठेवू?"

मागच्या बाजाराला रजा काढून धाडला गेले. घराला कुलूप होतं. दगड ओसरीच्या कोनाड्यात तसाच. तो ओट्यावर मांडला आणि तिच्या जागेवर बसले. लोक आले, हळहळले, आपापल्या वाटेला लागले. माझीही गाडी लागली. दगड तिथेच ठेवून निघाले... स्टँडपर्यंत गेले, तशीच परत फिरले. बाजार उठला होता. दगड उचलून पिशवीत घातला.

आता तो चिखलीच्या माझ्या खोलीत, खिडकीशी आहे. पूर्वी शाळा सुटली की मी उगाच कुठेतरी रेंगाळायची. घरी वाट बघणारं कोण होतं? हल्ली सरळ घरी येते. त्याले एकट्याले काऊन ठेवू?