धुतलेलं बेरिंग

एक प्रकरण आजही माझ्या मनातून गेलेलं नाही, आणि त्यात ना खून होता ना दरोडा. वाशी तालुक्यातल्या एका डाळमिलमध्ये बेरिंग जाम झालं, शाफ्ट तुटला आणि सुटलेला पट्टा एका कामगार बाईच्या हातावर बसला. तिची दोन बोटं गेली. तिच्या भावाने मिलच्या मिस्त्रीविरुद्ध फिर्याद दिली. बेरिंग हातोड्याने ठोकून बसवलं म्हणून फुटलं, असं त्याचं म्हणणं. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा दाखल झाला. चौकशीत मिस्त्री एकच वाक्य धरून बसला, "साहेब, म्या ठोकलं न्हाय." असं तर सगळेच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी हजेरी आटोपते न आटोपते तोच मिलच्या मालकीणबाई ठाण्यात आल्या. वय पन्नाशीचं, कपाळाला भस्म. गावात सगळे त्यांना अक्का म्हणत. मला वाटलं, हात झटकायला आल्या असतील. नोकराच्या डोक्यावर खापर फोडणं मालकाला सगळ्यात सोयीचं असतं.

अक्का म्हणाल्या, "बेरिंग म्या निवडलं, म्याच आणलं. त्यानं फकस्त बसवलं. नाव लिवायचं तर आधी माझं लिवा."

ठाणे अंमलदाराचा पेन जागच्या जागी थांबला. इतक्या वर्षांच्या नोकरीत आपणहून गुन्ह्यात नाव घाला म्हणणारं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं.

"निवडण्यात चूक झाली का, अक्का?" मी विचारलं.

"न्हाय. शाफ्ट लांब हाय, जरासा लवतोय, म्हणून लवणं सोसणारं घेतलं. भार बघितला, फेरे बघितले, नंबर जुळवला. चुकलं ते दुकान. सीझनची घाई होती, नेहमीच्या ठिकाणी माल नव्हता, म्हणून दुसरीकडनं आणलं." त्यांनी पिशवीतून एक बंद खोकं काढलं. "ही त्याची जोडी, त्याच दुकानातली. अजून फोडली न्हाय. तुमच्यासमोरच फोडा."

पंच बोलावून खोकं उघडलं. बेरिंग चकचकीत, पण कोरडं ठणठणीत. अक्कांनी ते नाकाशी नेलं.

"नवं बेरिंग गंजू नये म्हणून कंपनीच तेल लावून कागदात गुंडाळती. ह्याला तर डिझेलचा वास यायलाय."

पंचनाम्यात वासाचीही नोंद केली आणि मुद्देमाल सीलबंद करून कंपनीकडे तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत मिस्त्री आरोपीच होता. गावात त्याला कुणी नटबोल्टलाही हात लावू देईना.

मग त्या दुकानदाराला बोलावलं. पांढरेशुभ्र कपडे, तोंडात साखर. माझा अनुभव असा, की दोष विचारला की माणूस गप्प बसतो आणि कौतुक केलं की बोलत सुटतो. मी चहा मागवला. म्हणालो, "तुमच्याकडचा माल लई चकाचक असतो म्हणे."

गडी खुलला. "व्हय साहेब. डिझेलमधी धुऊन, पुसूनच देतो. गिऱ्हाइकाचा हात काळा व्हायला नको."

"नवा मालसुद्धा?"

त्याने कप खाली ठेवला. नवं कोरं बेरिंग कोण धुतो, हे त्याला स्वतःच्याच तोंडून ऐकू आलं होतं. कंपनीकडे माल तपासायला गेलाय, हा विषय मी काढलाही नव्हता.

दुकानामागच्या खोलीची झडती घेतली. भंगारातली जुनी बेरिंगं, पॉलिशचं यंत्र, नंबर कोरायचं यंत्र आणि छापील खोक्यांचा गठ्ठा मिळाला. पुढे कंपनीचा अहवालही तसाच आला: जुनंच बेरिंग घासून, खोटा नंबर कोरून नवं म्हणून विकलेलं. दोषारोपपत्रात आरोपी दुकानदार झाला; मिस्त्रीचंही नाव होतं, पण साक्षीदार म्हणून. ते सांगितलं तेव्हा तो माझ्याच टेबलाशी उभा राहून रडला, आणि मलाही बरं वाटलं.

अपघात झाला की आम्ही पोलीस विचारतो, हात कोणाचा लागला. वस्तू आली कुठून, हे आधी विचारायला मला अक्कांनी शिकवलं. खरं बोलायला त्यांना कुणी भाग पाडलं नव्हतं, म्हणून त्यांच्याबद्दलचा आदर कमी होत नाही.

निवृत्तीनंतर एकदा मिलवर गेलो. दोन बोटं गेलेली ती बाई आता सामानाच्या खोलीवर आहे. नवं बेरिंग आलं की खोकं आधी तिच्या हातात जातं. ती कागद उलगडते, तेल बघते, वास घेते. तिने मान हलवली तरच मिस्त्री पाना उचलतो.

"हे काम तिलाच का दिलं?" मी अक्कांना विचारलं.

"माझ्या घाईचं तिला भोगावं लागलं, साहेब," अक्का म्हणाल्या. "आता घाई व्हायला लागली की आमी तिच्या हाताकडं बघताव."