साखरखेर्ड्याहून येणारी विचारणा

व्यापाऱ्यांना सोयाबीनचे भाव दाखवणारी एक वेबसाइट आम्ही दोघं मित्र सांभाळायचो. मी अमडापुरातून, तो साखरखेर्ड्यातून. गेल्या वर्षी तो हार्ट अटॅकनं गेला. पुढे साइटवर भलत्यासलत्या देशांतून हल्ले व्हायला लागले आणि क्लाउडवर फायरवॉल बसवायचं काम माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं. कोणाला आत घ्यायचं, कोणाला दारातच अडवायचं, याचे नियम लिहायचे. असल्या किचकट कामात तो पटाईत होता; मला त्याचा भारी कंटाळा.

नवे नियम लगेच लावत नाहीत. आधी काही दिवस कोणालाही न अडवता कोण येतंय ते नुसतं बघतात. तेव्हा दिसलं, एकाच आयपी पत्त्यावरून थोड्या थोड्या वेळानं एकच विचारणा येते आहे. पत्ता माझ्या मित्राच्या घरच्या इंटरनेटचा होता. ज्याला मी खांदा दिला, तो अजून विचारत होता, साइट चालू आहे ना?

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तरी लॅपटॉप मिटून मी अंगणात जाऊन बसलो. मग डोकं ठिकाणावर आलं. साइट चालू आहे ना, हे सतत तपासणारा एक छोटा प्रोग्राम त्यानंच आपल्या कंप्युटरवर लिहून ठेवला होता, आणि त्याचा कंप्युटर कोणी बंद केला नव्हता. ज्याला कोणी वाली नाही असं यंत्र धोक्याचंच. मी तो पत्ता अडवला. त्याला पुन्हा एकदा पोचवून आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आईचा फोन आला.

"बापू, त्याच्या कंप्युटरवरचं हिरवं होतं ते लाल झालं."

"काकू, तुम्ही तो अजून चालू ठेवता?"

"मंग? त्यानं सांगतलं होतं, हिरवं दिसलं का माह्यं काम नीट चालू हाय समज. ते पाह्यल्याबिगर चहा नाही जात मले. आज लाल काऊन झालं? त्याले काही झालं का?"

आपण काय विचारलं ते तिचं तिलाच कळलं असावं.

फोन तसाच कानाला ठेवून मी नियम बदलला. त्या पत्त्याला एकच पान उघडं, बाकी सगळं बंद. प्रत्येक सवलतीपुढे कारण लिहायचं असतं. मी ती जागा रिकामी ठेवली.

"झालं का हिरवं, काकू?"

"झालं."

तिनं फोन ठेवला नाही. थोड्या वेळानं पलीकडून कपबशीचा आवाज आला.