पोळ्याच्या दिशी गाडी जुंप

मागच्या उन्हाळ्यात बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातल्या आमच्या घरी एक पोरगी आली. खांद्याला झोळी, हातात मोबाइल. कुठल्याशा गावात गावकरीच रेडिओ चालवतात म्हणे, ती तिथली. म्हाताऱ्यांच्या आठवणी, बायांची गाणी, दारूपासून नळाच्या भांडणापर्यंत सगळं त्यात लागतं. "आजी, आखाजीचं एखादं झोक्याचं गाणं म्हणा ना, रेकॉर्ड करते," ती म्हणाली. मी म्हटलं, म्हणते, पण मध्ये कोणी हसायचं नाही. ते ऐकून ती हसली. मग मी गाणं म्हटलंच नाही. चहा पाजला आणि वाटेला लावलं. जिना उतरताना ती फोनवर कोणाला तरी हिंदीत सांगत होती की म्हातारी खडूस आहे. खोटं काही सांगत नव्हती.

आमचं गाव बुऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे जाताना लागायचं. ते दिवस प्रांत बदलायचे होते. आपण मुंबईकडे जाणार की इथेच राहणार, यावर चावडीवर रोज वाद चालायचे, आणि वाद घालणाऱ्यांना कोणी विचारत नव्हतं. चावडीत पंचायतीचा रेडिओ होता. लाकडी पेटी, बॅटरीवर चालणारी, किल्ली शाळेतल्या गुरुजींकडे. बाहेरच्या निंबाला भोंगा टांगलेला. संध्याकाळी नागपूर लागायचं, त्यावर शेतकऱ्यांसाठी मराठीत कार्यक्रम असायचा. पुरुष चावडीच्या ओट्यावर बसून ऐकत. बाया चावडीवर जात नसत. त्या आपापल्या दारात बसून, तांदूळ निवडत, त्याच भोंग्याचं ऐकत.

त्या कार्यक्रमाची माणसं एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गावात आली. मोटारीत आवाज धरून ठेवायचं यंत्र. कोणाच्या घरी गाणाऱ्या पोरी आहेत, अशी त्यांनी चौकशी केली आणि गावाने आमच्या घराकडे बोट दाखवलं, कारण माझी मोठी बहीण माहेरी आली होती. तिला मी जिजी म्हणायचे. लग्नाला वर्ष झालं होतं, सासर नेपानगरच्या वाटेवरच्या एका गावात. मुराळी होऊन वडील स्वतःच तिला घेऊन आले होते. आल्यापासून ती बारीक दिसत होती. नव्या सुना बारीक होतातच, असं सगळ्या म्हणाल्या.

आमच्याकडे आखाजीचा झोका म्हणजे नुसता झोका नाही. माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर बसून सासरचा उद्धार करतात. सासू, नणंद, नवरा, कोणी सुटत नाही. तिथल्या तिथे कडवी जुळवायची, जितकं झोंबणारं तितका हशा मोठा. आणि झोका थांबला की बोलणंही संपलं. कोणी ते मनावर घ्यायचं नाही, व्याह्याच्या कानावर गेलं तरी त्याने हसून सोडायचं. वर्षातून एक दिवस पोरींना तोंड उघडायची मुभा होती, आणि त्या दिवशी त्यांचं खरं मानायचं नाही, ही त्यातली मेख. त्या वेळी ही मेख कोणाच्याच ध्यानात आली नाही.

जिजी झोक्यावर बसली. यंत्रवाल्याने काठीला बांधलेला मायक्रोफोन तिच्यासमोर धरला. आई, वडील, मी, शेजारच्या बाया, सगळे भोवती. जिजीने काय काय म्हटलं ते दुसऱ्या दिवशी विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. पोट दुखेस्तोवर हसलो, एवढंच लक्षात राहिलं. आखाजी झाली आणि वडील तिला सासरी पोचवून आले.

पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा तिच्या सासरहून निरोप आला. पाणी काढताना विहिरीवर जिजीचा पाय घसरला, गेली. वडील गेले आणि सगळं उरकून परत आले. विहिरीला कठडा नव्हता, एवढंच त्यांनी सांगितलं. त्याच दिवाळीच्या सुमाराला प्रांतही बदलला. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. पंचायतीला सांगणं आलं की आता आपल्या राज्याचं हिंदी केंद्र लावायचं. लोक कुरकुरले आणि आठवडाभरात हिंदी बाजारभावांना सरावले.

दुसरी आखाजी तोंडावर आली तेव्हा गुरुजींनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं. नागपूरहून कळवणं आलं होतं, गेल्या वर्षीची झोक्याची गाणी यंदा आखाजीच्या संध्याकाळी लागणार होती. वडिलांनी घरी येऊन ते आईला सांगितलं नाही. पण गुरुजींच्या बायकोने सांगितलं.

आखाजीला आमच्याकडे घागर भरतात. घरातलं जे माणूस गेलं असेल त्याच्या नावाने पाण्याची घागर मांडायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, पुरणपोळी आणि आंब्याच्या रसाचा घास निखाऱ्यावर सोडायचा. त्या दिवशी गेलेलं माणूस पाणी प्यायला येतं. त्या वर्षी नवी घागर जिजीची होती. आईने ती कोरी घागर इतक्या वेळा पुसली की मी शेवटी तिच्या हातातून फडकं काढून घेतलं. घास सोडून झाल्यावर वडील म्हणाले की आज तिला पाणी दिलं, आता तिला मोकळं जाऊ द्या, संध्याकाळी घराची दारं लावून घ्यायची. गेलेल्याचा आवाज ऐकला तर ते अडकतं. आई म्हणाली, मला तिला एकदा ऐकायचंय, मग अडकली तर अडकू दे. असं ती वडिलांना आयुष्यात पहिल्यांदा बोलली असेल.

दिवस कलला तशी आई उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि मला घेऊन सरळ चावडीवर गेली. ओट्याच्या पायरीशी जमिनीवर बसली. पुरुष सरकून बसले. कोणी खोकलं, कोणी विडी विझवली. सरपंच गुरुजींना हळूच म्हणाले की हुकूम हिंदी केंद्राचा आहे, उगाच वर तक्रार जायची. गुरुजी खंडव्याकडचे, घरात हिंदीच बोलणारे. मराठी प्रांत गेल्याचं त्यांना सुखदुःख नव्हतं. त्यांनी पेटीचं कुलूप काढलं. "माताजी बैठी हैं," ते म्हणाले, "आज नागपुर ही लगेगा."

आधी खरखर आली. मग दोराची कुरकुर ऐकू आली, आमच्याच अंगणातल्या निंबाच्या फांदीची. आणि मग जिजी. भोंग्यातून इतकी मोठ्याने की गल्लीच्या टोकाचं कुत्रं भुंकायला लागलं. आईने तोंडावर पदर धरला, पण डोळे भोंग्यावरच होते. सासूचं कडवं झालं, नणंदेचं झालं. ओट्यावर दोघंतिघं हसलेसुद्धा. मला छान वाटत होतं, हे लपवून काय करू. जिजी परत आली होती. मग हे कडवं आलं.

बापा, मुराळी धाड लौकर, दिस नको पाहू,
पोळ्याच्या दिशी गाडी जुंप, सन नको पाहू.
पोळ्यामांगून येशीन, बापा, घरी मी नाही,
इहिरीपाशी हाक मार, तठे मी राही.

आणि रेडिओ हसला. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवणारा माणूस आमच्या मुलखात जन्मायचा होता, म्हणून गेल्या वर्षी आम्हाला ते फार गमतीचं वाटलं होतं. भोंग्यातून पहिलं हसणं आईचं आलं, मोकळं, खळखळून. त्यामागून वडिलांचं. मग एक चिरकं पोरकट हसणं, ते माझं. भोंगा हसत होता आणि चावडीवर कोणी पापणी हलवत नव्हतं. गुरुजींना सगळे शब्द कळले नसतील, पण त्यांनी उठून पेटी बंद केली.

मी मागे पाहिलं. दारं लावून घ्यायची म्हणालेले वडील भोंग्याच्या निंबामागे उभे होते. त्यांना ते कडवं वर्षभर आठवत होतं का, म्हणूनच ते ऐकायला नको म्हणत होते का, हे मी त्यांना कधी विचारू शकले नाही. आज ते नाहीत आणि मला अजूनही त्यांचा राग येतो, आणि रागापाठोपाठ दया येते.

आई उठली. "मी हासली," ती म्हणाली. कोणाला उद्देशून नाही. घरी जाईपर्यंत तेवढंच म्हणत राहिली.

पुढे माझं लग्न झालं आणि मी पहिल्या आखाजीला आले, तेव्हा मी पहिलं कडवं म्हणताच आईने झोक्याचा दोर धरून थांबवला आणि विचारलं, हे गाणं आहे का खरं आहे. गावातल्या प्रत्येक पोरीला ती असं विचारायची. पोरी वैतागायच्या, हिच्यामुळे आखाजीची मजा गेली म्हणायच्या. एक-दोघींनी मात्र खरं आहे असं सांगितलं, आणि त्या सासरी परत गेल्या नाहीत.

पण ते नंतरचं. त्याआधी, रेडिओ ऐकल्याच्या वर्षीच, पोळा आला. गावभर बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली घातल्या. वडिलांनीही आमचे बैल सजवले, त्यांना पुरणपोळी चारली, आणि मग जू काढून गाडी जुंपायला लागले. गल्ली गोळा झाली. म्हाताऱ्यांनी बैलांचा तळतळाट लागेल म्हणून सांगितलं, एकाने येऊन कासराच धरला. वडिलांनी तो शांतपणे सोडवून घेतला.

"बैलायची माफी बैलायपाशी मागीन," ते म्हणाले. "तिची कोनापाशी मागू?"

आईला त्यांनी चल म्हटलं नाही. तिने घरातून जिजीची गोधडी आणली, गाडीत अंथरली आणि चढून बसली. गाडी नेपानगरच्या वाटेला लागली. पोळ्याच्या मिरवणुकीतून ती एकटी उलटी जाताना मी दारातून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी दिवेलागण होऊन गेल्यावर घुंगरं वाजली. बैलांच्या शिंगांचा रंग धुळीने मळला होता, वडिलांचा आवाज पार बसला होता. विहिरीपाशी त्यांनी किती हाका मारल्या असतील ते त्या आवाजावरून कळत होतं. गाडी गोठ्याकडे वळवताना मी नेहमीसारखी मागून वर चढायला गेले. आई गाडीच्या कडेला अंग चोरून बसली होती, अंथरलेली गोधडी सगळी मोकळी ठेवून. तिने माझा हात धरला.

"तठे नको बसू," ती म्हणाली. "जिजी बसली हाय."