हंटर म्हणजे विमान

अमेरिकेतल्या प्लेनोला मी आले ती काकांना सांभाळायला. काका नात्याने लांबचे. काकू गेल्यावर त्यांच्या मुलाने, म्हणजे दादांनी, त्यांना इकडे आणलं आणि दिवसभर म्हातारा माणूस घरात एकटा नको म्हणून मागोमाग मला. सातवीतच माझी शाळा सुटलेली. दुसऱ्यांच्या पोलक्यांना काजं करून दिवस काढणारी मी, मला तिकीट पाठवून, स्वतंत्र खोली देऊन घरात घेतलं. पुढचं वाचून कुणाला वाटेल मी तक्रार करतेय. तसं नाही. दादा-वहिनींचे उपकार मी विसरणार नाही.

ते दोघं सकाळी कामाला गेले की घरात आम्ही दोघंच. बाहेर फिरायला जावं तर रस्त्यावर माणूस नाही, नुसत्या गाड्या. फोन वाजला तरी मला धडकी भरायची; इंग्रजीत कुणी काही विचारलं तर काय बोलू? काकांना हे कळायचं. ते म्हणायचे, "वाजू दे गं. थकेल आणि गप्प बसेल." आणि विमानांच्या गोष्टी सुरू करायचे.

काका इंग्रजांच्या काळात हवाई दलात मेकॅनिक म्हणून लागले होते. "विमानं सगळी विलायतेची. ते बनवणार, आम्ही ठिगळं लावणार. तू शिवतेस ना? मग तुला विमान कळेल. माझं पहिलं विमान शिवलेलंच होतं."

मला वाटलं थट्टा करतायत. पण खरंच, त्या वापिती विमानाला दोन पंख, एकावर एक, आणि त्यावर कातडं म्हणून कापड. वाकड्या सुईने, मेण लावलेल्या दोऱ्याने ते सांगाड्याला टाचायचं, मग वरून एक उग्र वासाचं रोगण फासायचं. ते वाळलं की कापड आवळत जायचं. "टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजलं पाहिजे. नाही वाजलं तर उसवा परत."

मग हरिकेन आलं. ते पुढून पत्र्याचं आणि पाठीमागे कापडाचंच. "म्हणजे कोट नवा, लेंगा जुना." मग स्पिटफायर, जवळजवळ सगळंच पत्र्याचं. "शिंपी बेकार झाले बघ." लढाई संपल्यावर नाकावरचा गरगरणारा पंखाच गेला. व्हॅम्पायर नावाचं जेट आलं, मागून आग फेकणारं. पण वैमानिक बसतो तो भाग चक्क प्लायवूडचा. "कपाटात बसून आगीवर उडायचं! इंग्रजाचं डोकं."

आणि मग हंटर. हंटरचं नाव घेतलं की काका सरळ बसायचे. पंख मागे वळवलेले, जमिनीवर उभं असलं तरी पळतंय असं वाटायचं. सुरू झालं की विमानं ठेवायच्या हँगरचे पत्रे थरथरायचे. नंतर उंच उडणारं कॅनबेरा आलं, इवलंसं नॅट आलं, त्यावरही त्यांनी कामं केली. एकदा टीव्हीवर हॅरियर जागच्या जागी सरळ वर उचललेलं दाखवलं तेव्हा "अरे, हेही करून बसले!" म्हणून टाळी वाजवली. पण जीव हंटरवर.

माणसांनाही ते विमानांची नावं द्यायचे. दादा कॅनबेरा. "फार उंच गेला, आवाज खाली पोचत नाही." मी वापिती. "टाक्यांवर उभी, हळू, पण माणसाला घरी आणून सोडणारी." आणि वहिनी हंटर. संध्याकाळी त्यांची गाडी वळली, गॅरेजचं दार खडखडलं, टाचांचा आवाज आला की काका डोळा मिचकावायचे. "हंटर उतरलं." हे आमच्या दोघांतलं. वहिनी होत्याच तशा, देखण्या, वेगाच्या. त्या आल्या की घर जागं व्हायचं.

त्या वर्षीच्या थंडीत काकांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हॉस्पिटलातून घरी आले ते एकच शब्द घेऊन. पाणी हवं, हंटर. पाय दुखतो, हंटर. मी आवाजावरून ओळखायला शिकले. आणि संध्याकाळी गॅरेजचं दार वाजलं की तोच शब्द मोठ्याने, पुन्हा पुन्हा. अर्धा चेहरा ओघळलेला, एका डोळ्यातून पाणी. ते हसतायत हे फक्त मला दिसायचं.

एका रविवारी महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू आणि त्यांचे डॉक्टर यजमान भेटायला आले. वहिनी बाजारातून परतल्या, दार खडखडलं, आणि काका सुरू झाले. "हंटर! हंटर!"

काकूंच्या हातातला कप थांबला. "अगं बाई, हे काय म्हणतायत? हंटर?" त्यांनी काकांच्या अंगावरची शाल सारखी केली आणि दंड दिसला. रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे त्यांना नुसतं धरून उठवलं तरी काळंनिळं व्हायचं. "आणि हे वळ कसले? कोण मारतं यांना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मारत नाही हो कुणी. हंटर म्हणजे विमान."

"विमानाला कोण इतकं घाबरतं?"

दादा म्हणाले, "काकू, खरंच विमान आहे. बाबा त्यावर काम करायचे."

"मग आत्ताच का आठवलं? ही घरात आली आणि ते ओरडले. मी पाहिलं ना."

आता वहिनीही बघत होत्या, माझ्याकडेच. मी सांगून टाकलं. लाडाने म्हणतात, वहिनींना म्हणतात, विमान फार देखणं होतं म्हणून. जसजशी सांगत गेले तसतसा वहिनींचा चेहरा उतरत गेला.

"मला? बाबा मला हंटर म्हणतात? आणि तुम्ही दोघं हसता?"

"नाही हो वहिनी, तसं नाही..."

"कसं मग? दोन-दोन शिफ्ट्स करते मी यार, ह्या घरासाठी. आणि मी हंटर."

मराठीत त्या शब्दाला चाबकाचाच वास. माझ्या सांगण्याने तो जाणार नव्हता. ज्यांनी सांगायला हवं ते काका खुर्चीतून वहिनींकडे बघत तोच शब्द म्हणत होते, जितक्या प्रेमाने म्हणत होते तितका तो वाईट ऐकू येत होता.

डॉक्टरकाकांचा विश्वास बसला होता. पण जाताना ते दादांना बाजूला घेऊन म्हणाले, "मला पटलं रे. इथल्या लोकांना पटेल? अंगावर डाग, बोलता येत नाही, आणि सांभाळणारी व्हिजिटर व्हिसावर. कुणी रिपोर्ट केलं तर? नर्सिंग होम बघ."

मला हायसं वाटलं. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे दवाखाना. चार दिवस ठेवतील, औषध देतील, घरी पाठवतील. मी पिशवीत दोन सदरे भरले. वहिनी त्या पिशवीकडे बघत राहिल्या. "अगं, सगळे कपडे घे," म्हणाल्या, आणि तेव्हा मला कळलं, हे कायमचं.

"वहिनी, मी गप्प राहीन. कुणी आलं तर खोलीत बसेन. त्यांना नका पाठवू."

"तुला काय वाटतं, मला हवंय हे?" त्या पलंगावर बसून रडल्या. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण तेवढं धाडस नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही भेटायला गेलो. काकांच्या समोरच्या भिंतीवर हरणांचं मोठं कॅलेंडर होतं. तिथल्या नर्सबाई दादांना कौतुकाने काही सांगत होत्या. दादांनी मान खाली घालून मला सांगितलं, "त्यांना वाटतं बाबा शिकारी होते."

दादा ऑफिसात सह्या करायला गेले. मी नर्सबाईंना धीर करून म्हटलं, "नो. प्लेन. प्लेन." त्यांनी हसून मान डोलावली आणि काकांच्या ताटातल्या पावावरचं लोणी काढून टाकलं.

मी तो कोरडा पाव दुधात बुडवून त्यांना भरवला. वहिनी गाडी लावून आल्या. काकांनी त्यांना पाहिलं आणि ओठ हलले. "हंटर."

वहिनी वाकल्या. "हो बाबा. आले मी."

काकांनी डाव्या हाताने त्यांच्या पर्सचा पट्टा धरला. थोड्या वेळाने दादा म्हणाले, निघायला हवं. काका पट्टा सोडेनात. वहिनी तशाच वाकून उभ्या, दादा खिडकीबाहेर बघत. काकांचा हात कसा धरला म्हणजे डाग पडत नाही ते मलाच ठाऊक होतं. म्हणून त्यांची बोटं मी सोडवली.