दादाचा ओळंबा आणि मोटारसायकल

हे भगवंता, ज्याला ज्याला तू पारख दिलीस, त्याला थोडी घाईही द्यायची होतीस! इस्त्रीवाल्याच्या अंगणात उभी असलेली ती परिचारिका मनातल्या मनात देवाला हेच पुन्हा पुन्हा विनवीत होती. कारण तिचा थोरला भाऊ इस्त्रीवाल्याने विकायला काढलेल्या मोटारसायकलीपुढे उकिडवा बसला होता आणि त्याने खिशातून ओळंबा काढला होता.

दादा गवंडी. उभा जन्म त्याने भिंती रचल्या आणि त्या दोरीच्या टोकाला लोंबणाऱ्या पितळी लोलकाने त्या सरळ आहेत की नाहीत, ते पाहिले. वडील गेले तेव्हा त्याला मिसरूडही फुटले नव्हते. त्याने विटा वाहिल्या, चुना कालवला, धाकट्या बहिणीला शिकवले. माया अशी की समुद्र थिटा पडावा. पण मायेबरोबर मोजमापही आले. घरातले कपाट ओळंब्याला लागले, दाराची चौकट लागली, आणि बहिणीचा नवरा पहिल्यांदा घरी आला तेव्हा दादाने एक डोळा मिटून त्याचेही खांदे पाहिले. म्हणूनच तो नवरा आज आला नव्हता. "तुझ्या दादाबरोबर गाडी बघायची? त्यापेक्षा मी आयुष्यभर पायी चालेन," असे सांगून त्याने अंग काढून घेतले होते.

आणि गाडी तर हवीच होती. टेकडीपलीकडे जाणारी बस बंद झाली होती. रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेने बजावले होते, "सोमवारपर्यंत स्वतःचे वाहन आण, नाहीतर तिकडचे रुग्ण दुसरीला देते. तू इथे पट्ट्या गुंडाळत बस." टेकडीपलीकडे अंथरुणाला खिळलेल्या एक वृद्ध शिक्षिका होत्या. त्यांच्या पाठीची जखम या परिचारिकेच्या हाताखाली आता कुठे भरून येऊ लागली होती. ती जखम अर्ध्यावर सोडायची? तिच्या जिवाला ते सोसवेना. आणि दादाने तर आतापर्यंत पाहिलेली प्रत्येक गाडी मोडीत काढली होती!

"बाळ, ही वाकडी आहे," दादाने निकाल दिला.

बाळाचे केस पिकू लागले होते. "कुठे वाकडी?"

"हा बघ ओळंबा. चाक एकीकडे, दोरी एकीकडे. भिंत असती तर पाडून टाकली असती."

"दादा, ती एका बाजूच्या स्टँडवर उभी आहे! कलणारच ना!"

इस्त्रीवाल्याने तोंडावर टॉवेल धरला. त्याचे खांदे मात्र हसत होते. दादा जरा वरमला; पण वरमला म्हणून थांबेल तो दादा कसला? गाडी दुहेरी स्टँडवर चढवायला लावून त्याने दोन्ही चाकांच्या कडेने दोरी ताणली, जशी विटांच्या थरापुढे ताणतात. मग पालथा पडून पाहिले, उठून पाहिले, दुसऱ्या बाजूने पुन्हा पाहिले.

तोवर परिचारिकेने आपल्या रीतीने गाडी न्याहाळली. टाकीला पोचा होता, ब्रेकचा दांडा किंचित वाकला होता, सायलेन्सरवर ओरखडे होते. पण सारे एकाच कुशीवर, जागच्या जागी पडलेल्या माणसासारखे. हे तर भरलेल्या जखमेचे व्रण! मग सवयीने तिने हाताची मागची बाजू इंजिनला लावली, जशी तापाच्या रुग्णाच्या कपाळाला लावावी.

"काका, हिला ताप आहे. आम्ही यायच्या आधी चालू केली होती ना?"

इस्त्रीवाला ओशाळला. "सकाळी जरा कुरकुरते, ताई. म्हणून तापवून ठेवली. इस्त्रीसुद्धा मी तापल्याशिवाय कापडावर ठेवत नाही."

"मग निवू द्या. मी थांबते."

थांबली! संध्याकाळची उन्हे अंगणातून भिंतीवर चढली. दादा इतका वेळ गाडीभोवती प्रदक्षिणा घालीत होता की देवळात घातल्या असत्या तर देव प्रसन्न झाला असता. अखेर इंजिन हाताला गार लागले. तिने किक मारली, गाडी खोकली. पुन्हा मारली, पुन्हा खोकली. चोक ओढून मारली, आणि ती धडधडत जागी झाली. थोडा धूर आला, विरला. मग आवाज एका लयीत लागला.

"कुरकुरते खरी," ती म्हणाली, "पण उठते. सकाळी मीही अशीच उठते. दादा, तुझं काय?"

"नको."

"का नको?"

"नको म्हटलं ना!"

तिचा संयम संपला. "वाकडी आहे का?"

दादा ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळीत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "नाही गं. दोन्ही चाकं एका दोरीत आहेत. किती शोधलं, खोट सापडत नाही. आता नाही कशाच्या जोरावर म्हणू? तू त्या टेकडीच्या वळणांवर एकटी जाणार."

अरेरे! इतक्या साऱ्या गाड्या मोडीत निघाल्या त्या या भीतीपायी! तिला रागही आला आणि मायाही दाटली. पण राग मोठा होता. तिने गाडी स्टँडवरून उतरवली.

"मागे बस."

"मी? तुझ्या मागे?"

"बस म्हणते ना! टेकडीपर्यंत जाऊन येऊ. काका, परत आले की व्यवहार पक्का."

भिंतीवर निर्धास्त चढणारा तो गवंडी लहान मुलासारखा मागे बसला, मुठीत ओळंबा घट्ट धरून. गाडी रस्त्याला लागते न लागते तोच कानाशी सुरू झाले, "हळू, बाळ. खड्डा आहे. डावीकडे घे. इतकं डावीकडे नको. हॉर्न वाजव. उगाच कशाला वाजवलास?"

"दादा!"

"बोल."

"ओळंबा बोलतो का कधी?"

दादा गप्प झाला. पुढच्या खड्ड्यापर्यंत.