गाठ मारलेलं निर्माल्य

यंदा समुद्रावर जाताना सूनबाईने स्टीलचे डबे घेतले आणि एक रिकामं पोतंही. परत निघण्याआधी ती भरतीने आणून टाकलेला कचरा त्या पोत्यात भरू लागली. गाठ मारलेल्या एका प्लास्टिकच्या पिशवीत कुजलेला झेंडू आणि वातींची टोकं दिसली.

"देवाच्या नावाने समुद्र घाण करतात मेले! कोण असतात हो बाबा ही माणसं?"

"मी," मी म्हणालो.

"काहीतरीच!" ती हसली. "तुम्ही मुंगीवर पाय देत नाही."

पण खरंच, प्रत्येक सहलीला घरचं निर्माल्य मी असंच आणायचो. फुलं सांडू नयेत, कुणाचा पाय लागू नये, म्हणून घट्ट गाठ मारायचो आणि पिशवीसकट लाटेत टाकायचो. मग हात जोडायचो. तो नमस्कार खोटा नव्हता. मग पोचला कुठे? देवाला, की कुठल्या माशाच्या पोटात?

हे सगळं सांगितलं तशी सूनबाई हसायची थांबली. हळूच म्हणाली, "नातवंडांना नका सांगू. फार मानतात तुम्हाला."

"म्हणूनच सांगायला हवं."

सांगणार आहे. फक्त आधी जोडलेले हात सांगू की टाकलेली पिशवी, ते अजून ठरत नाही.