एकविसावा गडी

आमच्या वेळी या शहरात बेसबॉल म्हणजे काय ते आधी समजावून सांगावं लागायचं, आणि सांगून झाल्यावरही लोक म्हणायचे, "म्हणजे क्रिकेटच की, पण मुसळानं?" मी त्या खेळात पिचर होतो. चेंडू टाकायचा आणि तो समोरच्याच्या बॅटला लागू द्यायचा नाही, एवढंच पिचरचं काम. माझा चेंडू असा जायचा की शहागंजात टाकला तर दौलताबादच्या किल्ल्यावर माकडं दचकायची. बॅटरच्या मागं बसून माझा चेंडू झेलणाऱ्या आमच्या कॅचरच्या डाव्या तळहातावरच्या रेषा पार पुसल्या गेल्या आणि ज्योतिषानं त्याचा हात बघायला चक्क नकार दिला. यातलं निम्मं सोडून द्या. पुढचं मात्र सोडू नका, त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

राज्य स्पर्धेची फायनल आमच्याच शहरात होती. आमच्यात सामना सात डावांचा, दर डावात तीन गडी बाद करायचे. आमच्या सरांना शहागंजातल्या रद्दीत एक अमेरिकन मासिक सापडलं होतं, त्यावरून ते सांगायचे, "एकवीस आले, एकवीस गेले, एकही पळत पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या थांब्यावर, पोचला नाय, तर तो पर्फेक्ट गेम. तिकडं अंतिम मालिकेत हे आजवर एकाच पठ्ठ्याला जमलंय. एकाच!"

त्या दिवशी माझे वीस आले आणि वीस गेले.

लोकांना वाटतं, अशा वेळी छातीत ढोल वाजत असतील. पाचव्या डावापासून मला काहीच वाटत नव्हतं. खांद्यापासून बोटांपर्यंत हात बधिर झाला होता, आणि ते बधिरपण हळूहळू आत उतरलं होतं. आरडाओरडा ऐकू येत होता, पण शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तसा.

एक गडी राहिला आणि सरांनी खेळ थांबवला. त्यांचा रिवाज होता, सामना हातात आला की बसून राहिलेल्या पोरांना मैदानात घालायचं. मैदानात पाय पडला तरच नाव शीटवर चढणार, शीटवर नाव असलं तरच सर्टिफिकेट मिळणार, आणि सर्टिफिकेट असलं तरच खेळाडू कोट्यातून नोकरीचा फॉर्म. बाकीच्यांना आधीच्या सामन्यांत संधी मिळाली होती. राहिला होता एकटा दौलताबादचा गडी. शेतकऱ्याघरचा, रेड्यासारखा दांडगा, मूळचा कबड्डीवाला. पोलीस भरतीसाठी त्याचं वय त्या वर्षी संपत होतं.

सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तुझे वीस झालेत म्हणून विचारतो. तू नको म्हणालास तर नाय घालत."

तो दोरीपाशी उभा होता. बघत माझ्याकडं होता, हात मात्र जोडलेले होते देवाला.

"घाला की सर," मी म्हणालो. "राइट फील्डला, उजव्या कोपऱ्यात उभा करा. आज तिकडं जायची चेंडूची टाप नाय."

हे मी बोललो. कुणी बोलायला लावलं नव्हतं.

त्यानं दुसऱ्याचा ग्लोव्ह मागून घेतला आणि डाव्याऐवजी उजव्या हातात चढवला. ताकदीचा हात तोच, असा त्याचा विचार. समोरच्यांनी डावखुरा बॅटर पाठवला, आणि डावखुऱ्याचा चेंडू बहुधा राइटलाच जातो. माझ्या दुसऱ्याच चेंडूला त्याची बॅट ओझरती लागली आणि चेंडू उंच, आळसट, एखाद्या घारीसारखा तरंगत राइटला गेला. आमची बाकीची पोरं बोंबलायला लागली, "हात वर! हात वर!"

त्यानं हात वर केले. चेंडू दोन हातांच्या मधून छातीवर आदळला आणि खाली पडला. मग त्यानं चढाईवाल्याची तंगडी धरावी तशी चेंडूवर झेप घेतली, पोटाखाली दाबला आणि ओरडायला लागला, "धरला! धरला!" तोवर बॅटर दुसऱ्या बेसवर जाऊन पँट झटकत होता.

कॅचर जागेवरूनच ओरडला, "आता सोड भावा. दम निघाला त्याचा."

पुढचा गडी मी तीन चेंडूंत काढला. आम्ही जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. सर म्हणाले, "चूक फील्डरची धरतात. तुझ्या चेंडूवर एकही हिट नाय. हेही लई दुर्मिळ असतंय बरं का." मी म्हणालो, "हं."

सर्टिफिकेटं वाटली, सगळ्यांना सारख्याच मजकुराची. दौलताबादच्या गड्यानं आपलं दोन कोपऱ्यांना धरलं होतं, सहीची शाई वाळावी म्हणून वर फुंकर घालत होता.

"वाईट वाटलं का रं?" त्यानं मला विचारलं.

"नाय."

हा माझा मोठेपणा नव्हता. खरंच वाटलं नाही.

पुढं तीसेक वर्षं मी ही हकिकत एकवीस आले, एकवीस गेले अशीच सांगत आलो. पुंडलिकनगरात आम्ही राहायला गेलो तिथं तर पहिल्या आठवड्यात गल्लीभर झाली. माझ्या हकिकतीत राइट फील्डला कुणी नसतंच.

दौलताबादचा गडी पोलिसात भरती झाला, हवालदार होऊन निवृत्त झाला. त्याच्या लेकीच्या लग्नाला दौलताबादला गेलो, तर त्यानं मला हाताला धरून नव्या व्याह्यांपुढं उभं केलं.

"हे बघा पाव्हणं, फायनलला एकवीसच्या एकवीस काढणारा माणूस! आन् एकविसाव्याचा कॅच कुणी घेतला? इचारा त्यांनाच!"

व्याही माझ्याकडं बघायला लागले. पंगतीतली आणखी चारदोन तोंडं वळली. तो हसत होता, पण माझा दंड त्यानं सोडला नव्हता. जन्मभर मी थापा मारल्या, पण दुसऱ्याच्या थापेला साक्षीदार म्हणून उभं राहायची ती पहिलीच वेळ.

"व्हय," मी म्हणालो. "यानंच घेतला. चाळीस पावलं पळत येऊन, आडवा होऊन."

"बापरे," व्याही म्हणाले.

त्यानं दंड सोडला आणि मला शेजारी बसवलं. मला वाटलं, आता काहीतरी वाटेल. मी थोडा वेळ थांबून पाहिलं. भात आला, वरण आलं. व्याही विचारत होते, चेंडू केवढा असतो. मी दोन्ही हातांनी कलिंगडाएवढा दाखवला आणि जेवायला लागलो.